पॅकेज पुन्हा पुन्हा तुटतंय? आधी ते कुठल्या साधनाने टाकलंय ते बघा

पॅकेज म्हणजे टाकायला तयार करून ठेवलेला प्रोग्रॅम किंवा त्याला लागणारा कोड (लायब्ररी). "अपडेटच होत नाही" अशी तक्रार असलेल्या लिनक्स मशीनवर यातलं काही ना काही दिसतं, आणि बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्रच दिसतात:

- प्रोग्रॅम अपडेट केला, कमांड बिनतक्रार संपली, तरी उघडल्यावर जुनंच व्हर्जन.
- अ‍ॅप्ट (डेबियन-उबुंटूवर पॅकेज आणणारं साधन) "अनमेट डिपेंडन्सीज" (लागणारी इतर पॅकेजं जुळत नाहीत) किंवा "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" म्हणून अडतं आणि मग ज्याचा काही संबंध नाही असं पॅकेजसुद्धा टाकू देत नाही.
- "कुड नॉट गेट लॉक" हा संदेश, तोही रोज.
- पिपने (पायथॉनच्या लायब्ररी आणणारं साधन) काही टाकायला गेलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट".
- मेनूत ब्राउझर दोनदा. एकात सगळे बुकमार्क आहेत, दुसरा कोरा.
- डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा तयार संच) अपग्रेड केली आणि कालपर्यंत चालणारी पायथॉन स्क्रिप्ट "मोड्यूल सापडत नाही" म्हणते.

एवढ्या वेगवेगळ्या लक्षणांमागे बहुतेकदा एकच कारण निघतं: एकाच गोष्टीला दोन मालक झालेत, किंवा एकही उरलेला नाही. डेबियन-उबुंटूवर डीपीकेजी आपण टाकलेल्या पॅकेजांची नोंदवही ठेवतं. ती खरोखर साधी टेक्स्ट फाइल आहे, /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस, उघडून वाचता येते. कोणत्या पॅकेजच्या कोणत्या फाइली, हे शेजारच्या इन्फो फोल्डरात असतं. अ‍ॅप्ट त्याच्या वर बसतं. रेपोतून (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून) काय आणायचं आणि कशाला काय लागतं याचा हिशेब अ‍ॅप्टचा, प्रत्यक्ष फाइली ठेवायचं काम डीपीकेजीचं. पिप, स्नॅप, फ्लॅटपॅक (शेवटची दोन म्हणजे लायब्ररींसकट प्रोग्रॅम आणणारी साधनं) यांपैकी कोणीही त्या वहीत लिहीत नाही. "मेक इन्स्टॉल" (सोर्सवरून स्वतः बांधलेला प्रोग्रॅम टाकायची कमांड) तर कुठल्याच वहीत लिहीत नाही. त्यामुळे खालच्या तपासण्या करताना प्रश्न एकच धरून ठेवायचा: ही फाइल कोणाची?

कमांड मी बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

१. घड्याळ, डिस्क आणि डिस्ट्रोचं वय

याला काही खर्च नाही, म्हणून हे आधी. "डेट" टाकून तारीख बघा. घड्याळ मागे पडलेलं असेल तर अ‍ॅप्ट रेपोची रिलीज फाइल "अजून वैध झालेली नाही" म्हणून नाकारतं, आणि माणूस मात्र तासभर सर्व्हर बदलत बसतो. व्हर्च्युअल मशीन झोपेतून उठवल्यावर हे हमखास होतं.

मग "डीएफ -एच". इथे /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर त्याची ओळ नीट वाचा. ते पार्टिशन लहान असतं, जुने कर्नल (सिस्टमचा गाभा) साचत जातात, नवा कर्नल अर्धाच लिहिला जातो आणि तिथून पुढे प्रत्येक अ‍ॅप्ट कमांड त्याच अर्ध्या कर्नलवर येऊन अडखळते. वरवर हा डिपेंडन्सीचा घोळ वाटतो, पण असतो जागेचा. "अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह" जुने कर्नल काढतं आणि चालू असलेला ठेवतं. हाताने /बूटमधल्या फाइली उडवू नका, कारण फाइल गेली तरी वहीतली नोंद तशीच राहते.

तिसरी गोष्ट, डिस्ट्रोचा पाठिंबा संपलाय का. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त 9 महिने मिळतात, एलटीएसला (दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीला) 5 वर्षं. सेंटओएस 7 चा पाठिंबा 30 जून 2024 ला संपला. पाठिंबा संपला की काही काळाने रेपो जुन्या संग्रहात हलवले जातात आणि अपडेट करताना 404 यायला लागतो. तिथे साधन बदलून काहीच साधत नाही, डिस्ट्रोच बदलायची असते.

२. लॉक असेल तर थांबा

संदेशात बहुधा प्रोसेसचं नाव आणि नंबर दोन्ही दिलेले असतात, आणि नाव बहुतेक वेळा "अनअटेंडेड-अपग्रेड" असं काहीतरी असतं. म्हणजे मशीन स्वतःच सुरक्षेची अपडेट टाकतंय. दहा मिनिटं दुसरं काम करा. नवीन अ‍ॅप्ट तर लॉक सुटेपर्यंत थोडा वेळ आपणहून थांबतं.

"लॉक फाइल डिलीट करा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि डेबियन-उबुंटूवर तो चुकीचा आहे. इथे लॉक म्हणजे फाइल असणं नव्हे. फाइल कायम तिथेच असते, तिच्यावर चालू प्रोसेसने कर्नलकडून घेतलेला ताबा म्हणजे लॉक. फाइल उडवली की तुमची कमांड नवी फाइल बनवून तिच्यावर वेगळा ताबा घेते, आणि मग दोन प्रोसेस एकाच वेळी एकाच वहीत लिहायला लागतात. आर्चच्या पॅकमॅनचं मात्र उलट आहे. तिथे डीबी डॉट एलसीके ही फाइल असणं हाच लॉक असतो, त्यामुळे मधेच वीज गेली तर ती मागे उरते आणि काढावीच लागते. अर्थात दुसरं पॅकमॅन चालू नाही याची खात्री करून.

३. फाइल कोणाची?

माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच संपतात. समजा नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) अपडेट केलंय, पण व्हर्जन जुनंच दिसतंय. टाका "टाइप -ए नोड". उत्तर असं येतं:

नोड इज /यूएसआर/लोकल/बिन/नोड
नोड इज /यूएसआर/बिन/नोड

दोन ओळी आल्या म्हणजे दोन नोड आहेत, आणि शेल वरचा चालवतंय. पाथमध्ये (शेल जिथे प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) /यूएसआर/लोकल आधी येतं म्हणून. आता वरच्याचा मालक शोधा: "डीपीकेजी -एस" आणि पुढे तो पूर्ण पत्ता, एस कॅपिटल. "नो पाथ फाउंड" आलं तर डीपीकेजी त्या फाइलीला ओळखतच नाही. कोणीतरी कधीतरी ती हाताने ठेवली, किंवा एखादी इन्स्टॉल स्क्रिप्ट सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून चालवली. अ‍ॅप्टने आपलं काम चोख केलंय, खालचा नोड नवा आहे, फक्त तो चालवतोय कोण!

फेडोराच्या घराण्यात हाच प्रश्न "आरपीएम -क्यूएफ" ने विचारतात, आर्चवर "पॅकमॅन -क्यूओ" ने, तिथे क्यू कॅपिटल.

"विच" न वापरता "टाइप" का, तर टाइप शेलमधलाच आहे. एलियस असेल, फंक्शन असेल, तेही तो सांगतो. शिवाय बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. जुनी फाइल काढल्यावरही "असा प्रोग्रॅम नाही" म्हणालं तर "हॅश -आर" टाका किंवा नवीन टर्मिनल उघडा. एवढ्यासाठी पॅकेज काढून परत टाकणारे लोक पाहिलेत.

टाइपला फ्लॅटपॅक सहसा दिसत नाहीत, कारण त्यांची नावं लांबलचक उलट्या डोमेनसारखी असतात. म्हणून "फ्लॅटपॅक लिस्ट" आणि "स्नॅप लिस्ट" वेगळं बघायचं. बुकमार्क गायब झालेला ब्राउझर इथे सापडतो. स्नॅपचा फायरफॉक्स आपलं प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरात ठेवतो, फ्लॅटपॅकचा लपवलेल्या डॉट-व्हार फोल्डरात, आणि डेबचा (डेबियन-उबुंटूच्या नेहमीच्या पॅकेजचा) जुन्या जागी. तीन फायरफॉक्स, तीन प्रोफाइल. बुकमार्क कुठेही गेलेले नाहीत, तुम्ही दुसऱ्याच घरात शिरला आहात. उबुंटू 22.04 पासून तर "अ‍ॅप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स" टाकलं तरी येतो स्नॅपच. ते डेब पॅकेज नुसतं वाट दाखवायला ठेवलंय. आपण अ‍ॅप्ट वापरलं म्हणजे आलेली गोष्ट अ‍ॅप्टची, असं उबुंटूवर दर वेळी धरता येत नाही.

४. अर्धवट राहिलेलं काम

मालक एकच आहे, तरी अ‍ॅप्ट अडतंय? मग आधीचं एखादं इन्स्टॉल मधेच तुटलं असेल. क्रम हा: आधी "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", मग "सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". पहिली कमांड उघडून ठेवलेली पण सेटिंग राहिलेली पॅकेजं पूर्ण करते, नवीन काही आणत नाही. म्हणून ती आधी. दुसरी गरजेप्रमाणे आणते आणि काढतेही.

त्या "काढते" वर थांबायचं. वाय दाबण्याआधी "विल बी रिमूव्ह्ड" खालची यादी पूर्ण वाचा. 2021 मध्ये एका नावाजलेल्या यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजमधल्या गडबडीमुळे अ‍ॅप्टने अख्खा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव ठेवला, "येस, डू अ‍ॅज आय से!" हे वाक्य जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं, आणि त्याने ते केलं. कॅमेऱ्यासमोर डेस्कटॉप गेला. नंतर अ‍ॅप्टमध्ये बदल करून ही वाट अवघड करण्यात आली, पण यादी वाचायची जबाबदारी अजून तुमचीच आहे. काढायच्या यादीत डेस्कटॉप, नेटवर्क-मॅनेजर, सिस्टमडी किंवा लिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) यांपैकी काहीही दिसलं की एन दाबा.

ही अर्धवट अवस्था येते कुठून? फार वेळा वेबसाइटवरून उतरवलेली डेब फाइल "डीपीकेजी -आय" ने टाकल्यामुळे. डीपीकेजी रेपोत डोकावत नाही. लागणारी लायब्ररी नसेल तर ते पॅकेज तसंच अर्धं ठेवून बाजूला होतं. तीच फाइल "सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब" अशी टाकली तर अ‍ॅप्ट बाकीचं आपोआप आणतं. सुरुवातीचा डॉट आणि तिरकी रेघ विसरायची नाही, नाहीतर अ‍ॅप्ट त्या नावाचं पॅकेज रेपोत शोधत बसतं. अ‍ॅप्ट उपलब्ध असताना डीपीकेजीला हाताने इन्स्टॉल करायला लावायचं मला तरी कारण दिसत नाही. चौकशीसाठी मात्र ते उत्तम.

होल्डही बघून घ्या: "अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड". कोणीतरी जुन्या कारणाने एखादं पॅकेज धरून ठेवलेलं असतं, कारण विसरलं जातं आणि होल्ड तेवढा उरतो. गंमत म्हणजे "हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" हा संदेश होल्ड नसतानाही येतो, त्यामुळे यादी रिकामी निघाली तर गोंधळू नका, पुढे चला.

५. पिप आणि सिस्टमचा पायथॉन

या विषयावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण हे दुखणं परत येतं.

"सुडो पिप इन्स्टॉल" केलं की डेबियन-उबुंटूवर फाइली /यूएसआर/लोकल खाली जातात. पायथॉन मोड्यूल शोधताना तिथे आधी बघतं, अ‍ॅप्टने ठेवलेल्या जागी नंतर. म्हणजे तुमच्या एका स्क्रिप्टसाठी आणलेली नवी रिक्वेस्ट्स लायब्ररी आता सिस्टमचे पायथॉनमध्ये लिहिलेले सगळे प्रोग्रॅम वापरायला लागले. त्यांची तशी चाचणी कोणी केलेली नाही. काही दिवसांनी भलतंच काहीतरी मोडतं आणि पिपवर कोणाचा संशयही जात नाही.

सुडो न लावता केलं तर फाइली होममधल्या डॉट-लोकल फोल्डरात जातात, पण त्या पायथॉनच्या व्हर्जनच्या नावाने केलेल्या खणात. डिस्ट्रो अपग्रेडमध्ये पायथॉन 3.10 चं 3.12 झालं की नवा पायथॉन जुन्या खणात बघतच नाही. "मोड्यूल सापडत नाही" हे लक्षण तिथून येतं. मोड्यूल आहे, पत्ता बदललाय.

हे थांबवण्यासाठीच डेबियन 12 पासून पिप अडून बसतं. त्या संदेशातच "--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस" हा पर्याय दिलेला असतो आणि लोक तो कॉपी करून मोकळे होतात. पर्यायाचं नाव पुरेसं स्पष्ट आहे, "सिस्टमची पॅकेजं मोडा". करायचं ते असं: लायब्ररी डिस्ट्रोत "पायथॉन3-" ने सुरू होणाऱ्या नावाने मिळत असेल तर अ‍ॅप्टने घ्या. प्रकल्पासाठी हवी असेल तर "पायथॉन3 -एम व्हीएन्व्ह" ने वेगळं एन्व्हायर्न्मेंट करा आणि त्यात पिप मनसोक्त वापरा. आणि वायटी-डीएलपीसारखा तयार प्रोग्रॅम हवा असेल तर पिपएक्स, ते प्रत्येक प्रोग्रॅमला आपलं एन्व्हायर्न्मेंट देतं.

नवा पायथॉन हवा म्हणून /यूएसआर/बिन/पायथॉन3 ही लिंकच दुसरीकडे वळवणं हा यातला सगळ्यात महागडा प्रकार. डिस्ट्रोची कितीतरी साधनं तिच्यावर चालतात. उबुंटूवर याची खूण म्हणजे "एपीटी_पीकेजी नावाचं मोड्यूल नाही" हा संदेश. तो दिसला की लिंक मूळ व्हर्जनवर परत आणा. बाकी काही दुरुस्त करायला जाऊ नका, बहुतेकदा एवढ्यानेच भागतं.

६. परके रेपो

"अ‍ॅप्ट पॉलिसी" आणि पुढे पॅकेजचं नाव. प्रत्येक व्हर्जन कुठल्या रेपोतून येतं आणि कोणाला किती प्राधान्य आहे हे एका पडद्यावर दिसतं. डिपेंडन्सीचा घोळ सुटत नसेल तर इथे बहुधा एखादी जुनी पीपीए (उबुंटूसाठी कोणीतरी खासगीत चालवलेला रेपो) दिसते, किंवा डेबियनवर उबुंटूचा रेपो लावलेला असतो. अशा मिश्र मशीनला डेबियनवाले फ्रँकनडेबियन म्हणतात. नाव मजेशीर आहे, दुरुस्ती अजिबात नाही. दोन्हीकडे डेब फाइलीच असल्या तरी त्या वेगवेगळ्या लायब्ररींवर बांधलेल्या असतात.

पीपीए असेल तर नुसती यादीतून काढून भागत नाही, तिथून आलेली पॅकेजं मशीनवर राहतात आणि आता त्यांना अपडेट देणारा कोणीच नसतो. "पीपीए-पर्ज" ती डिस्ट्रोच्या व्हर्जनवर मागे आणतं. एखाद-दुसऱ्या पॅकेजला हे ठीक. मागे येणं अ‍ॅप्टच्या जगात अधिकृतपणे सांभाळलेलं नाही, त्यामुळे वीस-पंचवीस पॅकेजं मागे आणायची वेळ आली तर आधी बॅकअप.

"नो पबकी" आलं तर रेपोची चावी नाही किंवा बदललीय. "अ‍ॅप्ट-की" ने चावी टाकायचे जुने सल्ले सोडा. तशी टाकलेली चावी सगळ्याच रेपोंना लागू होते. आता चावी /ईटीसी/अ‍ॅप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवतात आणि रेपोच्या ओळीत "साइन्ड-बाय" लिहून त्या एकाच रेपोपुरती बांधतात.

७. सोर्सवरून बांधलेलं

तिसऱ्या तपासणीत बिनमालकाची फाइल निघाली असेल तर सोर्सचं फोल्डर अजून आहे का बघा. असेल तर त्यात "सुडो मेक अनइन्स्टॉल" चालतं का पाहा. सगळ्या प्रकल्पांत ती सोय नसते. नसेल तर /यूएसआर/लोकल मधल्या फाइली तारखेनुसार लावा, एकाच मिनिटात आलेल्या फाइली सहसा एकत्रच टाकलेल्या असतात. डिलीट करण्याऐवजी आधी दुसऱ्या फोल्डरात हलवा आणि काही दिवस जाऊ द्या. लायब्ररी हलवली असेल तर "सुडो एलडीकॉन्फिग" चालवा, म्हणजे जुना पत्ता कॅशमध्ये राहणार नाही. पुढच्या वेळी बांधताना --प्रीफिक्स देऊन प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या फोल्डरात टाका, म्हणजे काढायचा झाला की फोल्डर उडवलं, संपलं.

फेडोरा आणि आर्चवाल्यांसाठी थोडक्यात

फेडोरावर "डीएनएफ हिस्टरी" आणि त्यातला "अनडू" ही सोय अ‍ॅप्टवाल्यांना हेवा वाटावा अशी आहे. काय बिघडवलं ते आठवत नसेल तर तिथून सुरुवात करा. "आरपीएम --नोडेप्स" टाळा. डिपेंडन्सीची तक्रार त्याने बंद होते, गरज तशीच राहते. आर्चवर "पॅकमॅन -एसवाय" करून एकच पॅकेज टाकणं म्हणजे अर्धवट अपग्रेड, आणि आर्च ते मान्यच करत नाही. नेहमी "-एसवाययू".

मग कशासाठी काय वापरायचं?

माझा क्रम ठरलेला आहे. आधी डिस्ट्रोचा आपला रेपो, व्हर्जन थोडं जुनं असलं तरी. कर्नल, ड्रायव्हर, शेल, सर्व्हर, कंपायलर हे सगळं तिथूनच. नवं व्हर्जन खरोखर हवं असलेल्या डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी फ्लॅटपॅक किंवा स्नॅप, कारण ते आपल्या लायब्ररी सोबत आणतात आणि सिस्टमच्या वहीला हात लावत नाहीत. जागा जास्त घेतात, हे खरं. "फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड" अधूनमधून चालवावं लागतं. पायथॉन, नोड यांच्या लायब्ररी प्रकल्पाच्या फोल्डरात. परका रेपो फक्त प्रोग्रॅम बनवणारेच चालवत असतील तर. सोर्स अगदी शेवटी. आणि एक प्रोग्रॅम दोन ठिकाणांहून कधीच नाही. नवीन जागेवरून आणायचा ठरलं तर जुना आधी काढा.

इथे हात थांबवा

पुढच्यापैकी काही दिसलं तर स्वतः प्रयोग करू नका, रोज हेच काम करणाऱ्या सिस्टम अ‍ॅडमिनला बोलवा:

- लिबसी6 किंवा जीलिबसी जबरदस्तीने बदललंय आणि आता साधं "एलएस" सुद्धा चालत नाही.
- डीपीकेजीची स्टेटस फाइल रिकामी किंवा फाटलेली आहे. तिच्या जुन्या प्रती /व्हार/बॅकअप्स मध्ये असतात, पण कोणती प्रत आजच्या मशीनशी जुळते हे ठरवणं जोखमीचं.
- "डीमेसेज" मध्ये डिस्कच्या आय-ओ एरर आहेत. मग हा पॅकेजचा प्रश्नच नाही. आधी डेटा बाहेर काढा. लिहिणं चालू ठेवलं तर नुकसान वाढतं.
- मशीन दूर कुठेतरी आहे, त्यावर इतरांचं काम चालतं, आणि काढायच्या यादीत ओपन-एसएसएच किंवा डेटाबेस दिसतोय.

माणूस येईपर्यंत दोन गोष्टी करा. मशीन रीबूट करू नका. चालू कर्नल आणि मेमरीत असलेले प्रोग्रॅम अजून शाबूत आहेत, रीबूटनंतर ते उठतीलच असं नाही. सर्व्हरवर एसएसएचने आत असाल तर ती खिडकीही बंद करू नका. आणि /व्हार/लॉग/अ‍ॅप्ट/हिस्टरी.लॉग, त्याच्या शेजारची टर्म.लॉग आणि /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग या तीन फाइलींच्या प्रती दुसऱ्या मशीनवर काढून ठेवा. कोणत्या दिवशी कोणती कमांड चालली, काय आलं, काय गेलं, सगळं त्यात असतं. तुमच्या आठवणीपेक्षा त्या माणसाला त्या फाइलींचा जास्त उपयोग होईल.